राजपुत्र चौलात उतरला

अक्षर म्हणजे ज्याचा कधी नाश होत नाही ते. ही व्याख्या मी बावीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो आणि मुले ती पाठ करत आली. आपल्या वाचनालयात दर पावसाळ्यात कसर किती अक्षरे खाते हे तुला ठाऊक होते, मला ठाऊक होते, आणि कसरीला तर होतेच. तरी ती व्याख्या खोटी आहे असे म्हणायला आता माझी जीभ रेटत नाही. एका अक्षराने तुला अकरा वर्षे सुखात ठेवले, आणि ते अक्षर चुकीचे होते. की बरोबर होते? वाद इथेच अडला होता, दामूअण्णा, आणि तू तो तसाच टाकून गेलास.

'तू' म्हणतो म्हणून रागावू नकोस. आपण एका वयाचे. पण मी बदलीवर आलेला मास्तर आणि तू सुपारीच्या वाडीचा मालक, तेव्हा शेवटपर्यंत दोन्हीकडून 'अहो'च चालले. गेलेल्या माणसाला अहो-जाहो करण्यात अर्थ नाही. देवालाही आपण अरे-तुरेच करतो, आणि त्याची-माझी तर तुझ्याइतकीही ओळख नाही.

परवा वाचनालयात तुझी शोकसभा झाली. तू साहित्याचा उपासक होतास असे तिथे समजले. जे तुझ्या वाचनाला एकदाही आले नव्हते ते सर्वांत जास्त वेळ बोलले. तुझ्या जाण्याने पोकळी निर्माण झाली आहे, असे तिघांनी सांगितले. ते मात्र खरे निघाले. कपाटाशेजारच्या तुझ्या जागेवर आता कोणी बसत नाही, कारण तिथे वरून कौल गळते. तू इतके पावसाळे ओल्या खांद्याने आम्हाला वाचून दाखवत होतास, हे आम्हाला आत्ता कळले.

मी या गावी आलो, वाचनालयाचे काम माझ्याकडे आले, आणि त्याच वर्षी मी पुण्याहून मागवलेले ते पार्सल आले. 'धूम्रकंकण', अद्भुतरम्य कादंबरी, पाच खंड. एक जादूगार धुराचे कंकण चोरतो आणि ते परत आणायला राजपुत्र वज्रकेतू सात समुद्र पालथे घालतो, एवढी गोष्ट सांगायला ग्रंथकर्त्यांना दोन हजार पाने लागली होती. मी पहिला खंड चाळला. राक्षसाला सात डोकी आहेत आणि सातही एकदम बोलतात, एवढे वाचून मिटून ठेवला. वर्गात तेवढे मला पुरत होते.

तू आला होतास माडाच्या भुंग्यावर काही पुस्तक आहे का ते विचारायला. नव्हते. रिकाम्या हाताने जायचे तुझ्या जिवावर आले म्हणून 'धूम्रकंकण'चा पहिला खंड नेलास. चौथ्या दिवशी परत आणलास आणि म्हणालास, "मास्तर, हे एकट्यानं वाचायचं पुस्तक नाही."

त्या आठवड्यापासून संध्याकाळचे वाचन सुरू झाले. सात डोक्यांना तू सात आवाज दिलेस. चौथे डोके माझ्या आवाजात बोलत असे; हे मी सोडून सगळ्यांनी पहिल्याच दिवशी ओळखले. थेरोंड्याचा बारकू, गलबतावरचा तांडेल, पायी यायचा. त्याने जन्मात पुस्तक उघडले नव्हते, पण तो येईपर्यंत तू पान उलटत नसायचास. समुद्राचा मजकूर आला की तू त्याच्याकडे पाहायचास आणि तो मान डोलवायचा किंवा म्हणायचा, "असं वारं नसतं, अन्ना. पर चालू द्या." ग्रंथकर्त्यांनी बहुधा समुद्र पाहिला नव्हता. बारकूने त्यांना माफ केले होते.

तिसऱ्या खंडाचे दोनशे चारावे पान. वरून नववी ओळ. तू वाचलेस: "सात समुद्र ओलांडून राजपुत्र चौलात उतरला."

तू थांबलास. चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसलास आणि पुन्हा वाचलेस.

"कुटं उतरला?" बारकूने विचारले.

"चौलात."

"आपल्या?"

"दुसरं चौल आहे कुठं?"

बारकू पुढे सरकला. "मंग आपल्याला कुनी सांगितलं कसं न्हाय?"

त्या संध्याकाळी पुढे वाचन झाले नाही. वीस-पंचवीस माणसे ते पान हाताळून गेली. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनी ओळीवर बोट ठेवून पाहिले. या गावात एके काळी दूरदूरची गलबते लागत असत हे आपण शाळेत शिकवतो. पण शाळेत शिकवलेल्या गोष्टीवर कोणाचा विश्वास असतो? राजपुत्र उतरला म्हणजे बंदर होते, हे आता सिद्ध झाले.

मला शंका आली, कारण शंका येणे हा माझा धंदा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो खंड मागून-पुढून पाहिला. मलपृष्ठाला आतून चिकटलेली गुलाबी कागदाची एक चिठ्ठी निघाली. त्या खंडाचे शुद्धिपत्र. चौदा चुका आणि त्यांच्या चौदा दुरुस्त्या. अकरावी अशी: पृष्ठ २०४, ओळ ९, 'चौलात' याऐवजी 'चौकात' वाचावे.

छापखान्यात 'क' आणि 'ल' यांचे खिळे एकमेकांपासून किती लांब असतात मला ठाऊक नाही. त्या दिवशी ते फार जवळ असावेत.

चिठ्ठी खिशात घालून मी तुझ्याकडे निघालो. वाटेत तूच भेटलास. बैलगाडीत शहाळी होती. वाचनालयात येईल त्याला एकेक द्यायला निघाला होतास. पहिले माझ्या हातात दिलेस आणि म्हणालास, "पुस्तक तुम्ही मागवलंत. गावावर उपकार आहेत तुमचे." मी शहाळे प्यालो. तोंडात पाणी असताना माणूस बोलत नाही. नंतर तोंड रिकामे झाले, पण गाडी पुढे गेली होती.

चिठ्ठी मी माझ्या शब्दकोशात ठेवली, 'चौ'च्या पानात. उद्या सांगू म्हटले. त्या उद्याला अकरा वर्षे लागली.

त्या अकरा वर्षांत राजपुत्र गावात रुळला. तो कोणत्या पुष्करणीवर अंघोळीला गेला हे तू ठरवलेस. खाडीच्या तोंडाशी ज्या दगडाला त्याचे गलबत बांधले होते तो दगडही सापडला. बारकूने आणखी तीन सापडवले, म्हणाला गलबत एका दोराने राहत नसतं. पाहुणे आले की तू त्यांना ते सगळे दाखवून आणायचास आणि जेवण थंड व्हायचे. वहिनी अंगणातूनच ओरडायच्या, "चुलीत गेला तुमचा तो राजपुत्र! आधी जेवून घ्या." हे वाक्य मी तुझ्या घरी इतक्यांदा ऐकले की ते मला जेवणाच्या घंटेसारखे वाटू लागले होते.

वाचनालयाच्या वर्धापनदिनी तर 'थोर ग्रंथात उल्लेखिलेले गाव' अशी पाटीच लागली. अलिबागेहून पाहुणे आले होते. त्यांनी ग्रंथाचे नाव दोनदा वेगवेगळे सांगितले आणि साहित्यातील चौलचे स्थान अढळ असल्याचा निर्वाळा दिला. आभार मी मानले. ते स्थान माझ्या घरी शब्दकोशात आहे, हे तेवढे न सांगता सगळ्यांचे मानले.

मग मुंबईहून बातमी आली की 'धूम्रकंकण'वर बोलपट निघतो आहे, हिंदीत, काही भाग रंगीत. त्या दिवसापासून दीड वर्ष तुझी जी अवस्था होती ती लग्न ठरलेल्या मुलीच्या बापाची असते. कंपनी चित्रण करायला इथेच येणार, यात तुला शंका नव्हती. "जागा इथं आहे तर दुसरीकडं कशाला जातील?" तू कंपनीला पत्र घातलेस: बंदर तयार आहे, दगड दाखवू, उतरायची सोय घरी होईल. वाडीतल्या वाळक्या झावळ्या उतरवून घेतल्यास. माडीवरची खोली झाडून ठेवलीस.

"किती माणसं यायची आहेत?" वहिनींनी विचारले.

"राजपुत्र, जादूगार, आणि राक्षस."

"राक्षसाला सात डोकी ना? मग तांदूळ आधी पाखडून ठेवते."

उत्तर आले नाही. "कामात असतील," तू म्हणालास. सगळ्या मोठ्या लोकांबद्दल तू हेच म्हणायचास. मला तुझा हा गुण कधी आवडला नाही, आणि आता तो मला हवा आहे.

बोलपट घेऊन फिरता तंबू आला तो आधी रेवदंड्याला. हाकेच्या अंतरावर. मी म्हटले, चला. तू म्हणालास, "आपल्या गावाचं आहे. आपल्या गावात पाहू." आठ दिवस तू रेवदंड्याच्या रस्त्याने गेला नाहीस, तिथून पाहून येणारे लोक भेटले की कानांवर हात ठेवायचास. मग दत्ताच्या जत्रेला तंबू आपल्याकडे आला.

पहिल्याच दिवशी, दिवेलागणीच्या खेळाला, तू पाचही खंड पिशवीत घालून आणलेस. सोबत बॅटरी. मी विचारले हे कशाला, तर म्हणालास, "ताडून पाहायला नको?" आपण तिघे पुढे जमिनीवर बसलो, तू, मी आणि बारकू. मागे सगळे गाव. कनातीपलीकडे बायका, त्यांत वहिनी.

राजपुत्र पडद्यावर आला आणि तू पहिला निकाल दिलास. "ह्याला पोट आहे."

"खात्या-पित्या घरचा हाय," बारकू म्हणाला.

राजपुत्राने किल्ल्याचे दार पाहून गाणे म्हटले. तू बॅटरी लावून पान उघडलेस. "पुस्तकात तो गात नाही."

"पुस्तकात त्याला वेळ कुठं असतो," मी म्हटले. "समुद्र सात आहेत."

राणी पहिल्या खंडात मरते. इथे ती मेली नाहीच, उलट तिने नाच केला. तू पान उघडून माझ्यासमोर धरलेस, जणू मीच तिला जिवंत ठेवली होती. राक्षस आला तेव्हा तू मोठ्याने डोकी मोजलीस. तीन भरली.

"बाकीची चार?"

"जेवाया गेली आसतील," बारकू म्हणाला, आणि मागच्या दहा ओळी हसल्या. तू हसला नाहीस. त्या चारांत माझे डोके होते, म्हणून मला मात्र थोडे बरे वाटले.

आणि मग कंकण आले. जादूगार तळहात उघडतो आणि धुराचे एक कडे हळूहळू वर चढते, फिरते, तुटत नाही. ते दृश्य रंगीत होते. तंबूत कोणी खोकले नाही. तू बॅटरी विझवलीस. मांडीवरचा खंड घसरून पडला तो उचलला नाहीस. "तसंच आहे, मास्तर," तू म्हणालास. "अगदी तसंच आहे." मला तो उदबत्तीचा धूर दिसत होता. तुला सांगतो, मी पडद्याकडे फार वेळ पाहिलेच नाही. तुझ्या चष्म्याच्या काचेत ते कंकण जास्त चांगले दिसत होते.

तिथेच चित्रपट संपला असता तर हा लेख इतका लांबला नसता.

पुढे राजपुत्र गलबतात न बसता उडत्या घोड्यावर बसला. त्याची दोरी दिसत होती. तू चौलासाठी तेही सोसलेस. सातवा समुद्र संपला. तुझा हात माझ्या मनगटावर आला. घोडा खाली येऊ लागला, आणि उतरला तो एका चौकात. चार बाजूंना चुन्याचे हत्ती, मध्ये कारंजे, कारंज्याभोवती वीस मुली. त्या गाऊ लागल्या.

तू उभा राहिलास. यंत्राचा झोत तुझ्यावर पडला आणि पडद्यावर राजपुत्राशेजारी टोपीसकट तुझी सावली उभी राहिली, त्याच्याहून उंच.

"चौल कुठाय?"

मागून कोणी म्हणाले, "व्हय की! चौल कुटं हाय?" मग सगळेच उठले. तंबूचा मालक धावत आला, म्हणाला, भाई, फिल्म ऐसाइच है. तेव्हा गर्दीतून तो आवाज आला ज्याचे श्रेय आजवर कोणी घेतलेले नाही: "रेवदंड्यानं चौल कापलं!"

पटण्यासारखेच होते. आठ दिवस रिळे त्यांच्याकडे होती. मालकाने दत्ताची शपथ घेतली, रिळांचे डबे उघडून दाखवले, तेव्हा कुठे लोक बसले. तू बसला नाहीस. पिशवी उचलून निघून गेलास. चित्रपटाचा शेवट तू पाहिलाच नाहीस. मीही तुझ्यामागून बाहेर आलो, हे तुला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी एकटाच परत गेलो आणि शेवट पाहून आलो, हे तुला माहीत नाही. राजपुत्र तिथेच लग्न करून राहतो. राणी पुन्हा नाचते.

आठवड्याने तू ग्रंथकर्त्यांना लिहिलेले पत्र मला तपासायला आणून दिलेस. चार पाने. आपल्या ग्रंथातून आमचे गाव गाळून कंपनीने आपला व आमचा अपमान केला आहे, आपण दाद मागावी, आम्ही पाठीशी आहोत. ऱ्हस्व-दीर्घ पाहून द्या, म्हणालास, थोर माणसाकडे जायचंय.

आता पळवाट नव्हती. ते पत्र पुण्याला गेले असते, ग्रंथकर्त्यांनी दोन ओळींत तुला शुद्धिपत्र दाखवले असते, आणि ते दोन ओळींचे पत्र तू वाचनालयात सगळ्यांसमोर उघडले असतेस. मी शब्दकोशातून चिठ्ठी काढली आणि तुझ्या वाडीत आलो. तू सुपाऱ्या वाळत घालत होतास. चिठ्ठी तू उन्हात धरून वाचलीस, अकरावी ओळ दोनदा.

"कधी मिळाली?"

"तुम्ही ती ओळ वाचलीत त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे पाटी लागली तेव्हा..."

"होती."

"तुम्ही आभार मानलेत तेव्हा?"

"होती."

तू सुपाऱ्या पसरत राहिलास. मग म्हणालास, "अकरा वर्षं हसलात का हो, मास्तर?"

मी नाही म्हटले. पहिले सहा महिने हसलो होतो, हे त्यावेळी सांगितले नाही, आज सांगतो. पुढची साडेदहा वर्षे का गप्प राहिलो त्याचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. दर बदलीच्या गावी मी उपरा असतो. चौलात मात्र दर संध्याकाळी पंचवीस माणसांत बसून एका न घडलेल्या गोष्टीवर वाद घालत होतो, आणि त्या वाद घालणाऱ्यांत मी गावकरी होतो. शुद्धिपत्र वाचून दाखवले असते तर बरोबर ठरलो असतो. बरोबर ठरलेला मास्तर संध्याकाळी घरीच बसतो.

महिनाभर तू वाचनालयात आला नाहीस. वाचन मी चालू ठेवून पाहिले. चौथ्या दिवशी बारकू म्हणाला, "तुमचा राजपुत्र हजेरी घेतल्यावानी बोलतो." पाचव्या दिवशी तोही आला नाही.

मग एका रविवारी तू माझ्या दारात उभा. हातात गुलाबी चिठ्ठी, बगलेत तिसरा खंड. बसलाही नाहीस.

"मास्तर, चौदाच्या चौदा दुरुस्त्या मी ताडून पाहिल्या. पान अठ्ठ्याऐंशी, 'राजा दाढीवर बसला', तिथं 'गादीवर' वाचा म्हणतात. कबूल. पण सहावी बघा. पान एकशे एकतीस, ओळ चौथी. एकशे एकतीस पानावर ओळच नाही. चित्र आहे."

मी पाहिले. चित्र होते. राजपुत्र घोड्याला पाणी पाजत होता.

"म्हणजे शुद्धिपत्रातही चूक होते," तू म्हणालास.

"एखादी होऊ शकते."

"एखादी? आता मला सांगा, 'शुद्धिपत्र' शब्दात 'द्धि' पहिली की दुसरी?"

"पहिली. ऱ्हस्व."

"मग इथं काय छापलंय?"

चिठ्ठीच्या डोक्यावर, जाड ठशात, 'शुद्धीपत्र' छापलेले होते. दीर्घ. मराठीचा शिक्षक म्हणून मी अकरा वर्षे ती चिठ्ठी बाळगली होती आणि ते मला दिसले नव्हते.

"ज्याला स्वतःचं नाव धड लिहिता येत नाही," तू म्हणालास, "तो दुसऱ्याच्या चुका काढतोय. आणि मास्तर, राजपुत्र चौकात उतरेल? चौकात डोंबारी उतरतात!"

मग बसलास. मी चहा केला. संध्याकाळी वाचनालयात तू स्वतःच चिठ्ठी सगळ्यांना वाचून दाखवलीस, कोणाजवळ किती वर्षे होती ते वगळून. हे तुझे उपकार मी त्या वेळी बोलून दाखवले नाहीत. या वेळी तोंडात शहाळ्याचे पाणीही नव्हते, तेव्हा दोष माझाच. बारकूने तांडेल म्हणून साक्ष दिली: "गलबत चौकात लागतं व्हय? पानी लागतं, मास्तर, पानी!" मी म्हटले, गलबत बंदरात लावून माणूस चालत चौकात जाऊ शकतो. मग वाद सुरू झाला तो कित्येक संध्याकाळी चालला. मी 'चौक'च्या बाजूने बोलत होतो. माझे मत 'चौल'ला होते, हे तुला शेवटपर्यंत कळू दिले नाही. विरुद्ध बाजूला कोणीतरी लागतेच.

ग्रंथकर्त्यांना नवे पत्र आपण दोघांनी मिळून लिहिले. चार पानांचे सहा ओळींवर आणले. त्यांचे कार्ड आले: "चित्रपट मी पाहिलेला नाही. ग्रंथाची नवी आवृत्ती निघत आहे. मुद्रिते मी स्वतः तपासत आहे. त्या ओळीचा निकाल तिथे लागेल." तू ते कार्ड काचेत बसवलेस. निकाल लागायचा होता, तरी.

त्यानंतर तुझा दमा वाढला. आधी मोठ्याने वाचणे थांबले, मग वाडीत जाणे, मग माडी चढणे. कंपनीसाठी झाडलेल्या खोलीखाली ओसरीवर तुझी खाट आली. मी आलो की तू बोलायच्या आधी हात वर करायचास, म्हणजे 'आलं का?' मी मान हलवायचो.

एकदा तेवढ्यासाठी उठून बसलास. धाप लागेपर्यंत बोललास. "मास्तर, पुस्तक आलं की पान दोनशे चार मला वाचून दाखवा. मी असेन तिथं. चौक असेल तर चौक म्हणा. आता लपवायचं नाही."

"दामूअण्णा, चौलच असेल," मी म्हटले. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच फितूर झालो होतो.

तू माझ्याकडे पाहिलेस. "तुम्ही असं बोलायला लागलात म्हणजे माझं काही खरं नाही."

वहिनी दारातून म्हणाल्या, "चुलीत गेला तो राजपुत्र. औषध घ्या आधी." आवाज नेहमीचा ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला होता. तू औषध घेतलेस. मी जेवायची वेळ झाली असे समजून उठलो, सवयीने.

त्याच्या पाचव्या दिवशी सकाळी तू गेलास. त्यावर मी काही लिहिणार नाही. शोकसभेत सगळे बोलून झाले आहे.

काल टपालाने नवी आवृत्ती आली. पाच खंड, कापडी बांधणी, वेष्टनावर चित्रपटातला राजपुत्र, पोटासकट. मी पार्सल वाचनालयात फोडले नाही. बारकूला निरोप धाडला आणि तुझ्या घरी आलो. वहिनी चुलीपुढून उठून आल्या, हात पुसत म्हणाल्या, "वाचा. त्यांच्यासारखं नाही आलं तरी चालेल." बारकू टोपी काढून खाटेच्या पायथ्याशी बसला, जिथे तो बसायचा. खाट रिकामी होती. मी तिच्याकडे तोंड करून उभा राहिलो, कारण तसे कबूल केले होते, आणि जसे छापले आहे तसे वाचले. तूही ऐक.

खंड तिसरा, पृष्ठ दोनशे चार, वरून नववी ओळ: "सात समुद्र ओलांडून राजपुत्र चुलीत उतरला."

मी पाचही खंड शेवटपर्यंत पाहिले. या आवृत्तीला शुद्धिपत्र जोडलेले नाही.